फिल्म क्लबच्या कमिटीला खुलं पत्र: ‘हाय नून’वरचं आमचं भांडण आम्हाला परत द्या

आपल्या फिल्म क्लबच्या कमिटीतल्या सगळ्यांना नमस्कार.

मी तुमची नऊ वर्षांची सभासद. तिसऱ्या रांगेत उजव्या कडेला बसणारी, चष्मेवाली, जिला तुम्ही दर महिन्याला "ताई, हॉलमध्ये शेंगदाणे नकोत" म्हणता ती. आजवर कधी तक्रार केली नाही. एसी बंद पडला तेव्हा नाही, प्रोजेक्टर दोनदा गेला तेव्हा नाही, वर्गणी वाढवलीत तीसुद्धा गुपचूप भरली. हे असं चारचौघात लिहायची मला हौस नाही, पण त्या शनिवारी रात्रीच तुम्ही ग्रुपचं सेटिंग बदललंत, आता तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात आणि अ‍ॅडमिन म्हणजे तुम्हीच, मग आम्ही बोलायचं कुठे? म्हणून इथे लिहितेय.

जे त्या दिवशी नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या शनिवारी आपल्याकडे ‘हाय नून’ दाखवला. १९५२चा, ब्लॅक अँड व्हाइट, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन, गॅरी कूपर आणि ग्रेस केली. पिक्चर संपल्यावर नेहमीसारखी चर्चा सुरू झाली, वीस मिनिटांत आवाज चढले, "तुम्हाला पिक्चर कळलाच नाही" इथपर्यंत गाडी गेली, आणि अध्यक्षांनी माइक काढून घेतला, दिवे घालवले, वॉचमनला कुलूप लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस आली. यापुढे सिनेमानंतर चर्चा होणार नाही. पुढच्या महिन्यात ठरलेला ‘रिओ ब्राव्हो’ रद्द, त्याजागी "सर्वांना आवडेल असा" विनोदी चित्रपट. आणि वेस्टर्न, म्हणजे घोडे-पिस्तुलं-शेरीफवाले अमेरिकन पिक्चर, हा प्रकार आपल्या प्रेक्षकांना रुचत नाही असं दिसून आल्यामुळे तो तूर्त बंद.

माइक काढून घेतलात तेव्हा पुढचा नंबर माझा होता. दहा मिनिटं हात वर करून बसले होते, खांदा दुखायला लागला होता. हा माझा स्वार्थ, आधीच सांगून टाकते.

आता तक्रारी. पहिली मध्यंतराची, आणि हसू नका, ही मला सगळ्यात जास्त लागलीय. हा पिक्चर ८५ मिनिटांचा आहे. सकाळी साडेदहाच्या पुढे गोष्ट सुरू होते आणि दुपारी बारा वाजून गेल्यावर थोड्या वेळात संपते, म्हणजे पडद्यावरचं घड्याळ आणि आपल्या मनगटावरचं घड्याळ जवळजवळ बरोबरीनं चालतं. बाराच्या गाडीनं फ्रँक मिलर येणार. गावचा मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, विल केन (हा कूपर), यानं त्याला तुरुंगात धाडलेलं, तो सुटलाय, त्याचे तीन साथीदार स्टेशनावर वाट बघत बसलेत, आणि केनचं त्याच सकाळी लग्न लागलंय, बिल्ला उतरवून ठेवलाय, बायकोला घेऊन गाव सोडून निघालेला असतो आणि वाटेतून परत फिरतो. मग बाराला किती मिनिटं उरली आणि मदतीला किती माणसं मिळाली, एवढाच हिशोब, एक आकडा कमी होत जातो आणि दुसरा वाढतच नाही. एडिटिंगचं ऑस्कर मिळालंय त्याला. आणि तुम्ही काय केलंत, तर चर्चमधला सीन ऐन रंगात असताना दिवे लावून वीस मिनिटं चहा आणि बटाटेवडा! आम्ही परत येऊन बसलो तेव्हा तिकडे एक मिनिटसुद्धा पुढे सरकलं नव्हतं आणि इकडे आमच्या पोटात वडा, मग कसलं डोंबलाचं टेन्शन येणार. तुमच्या फॉर्मवर अनेकांनी "संथ वाटला" लिहिलंय ना, त्यातला निम्मा संथपणा तुमच्या चहाचा आहे.

दुसरी तक्रार छोटी. जुन्या पिक्चरची फ्रेम चौकोनाच्या जवळ जाणारी असते, तुम्ही ती ताणून आख्खा पडदा भरलात. कूपर हा उंच, हाडकुळा माणूस, तुमच्या पडद्यावर तो मिठाईच्या दुकानाच्या मालकासारखा दिसत होता. त्याचं ते थकलेलं तोंड हाच तर पिक्चर आहे. शूटिंगच्या वेळी पन्नास वर्षांचा होता, पाठ आणि पोटातला अल्सर दोन्ही त्रास देत होते. कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बीनं आभाळसुद्धा छान ढगांचं दाखवलं नाही, मुद्दाम पांढरंफटक ठेवलं, जुन्या सिव्हिल वॉरच्या फोटोंसारखं दिसावं म्हणून. एवढं सगळं त्यांनी ठरवून केलं आणि रिमोटवरचं एक बटण तुम्हाला दाबता आलं नाही.

तिसरी तक्रार मोठी आहे. पिक्चर सुरू व्हायच्या आधीच तुम्ही स्लाइड लावलीत: "हा चित्रपट म्हणजे अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेवरचं रूपक आहे." झालं. परीक्षेच्या आधीच उत्तरपत्रिका. मग ज्यांना तसं वाटलं नाही ते चुकले, आणि ज्यांना वाटलं ते हुशार, तिथूनच भांडणाला सुरुवात झाली हे तुमच्या लक्षात आलं का?

स्लाइड खोटी होती असं मी म्हणत नाही. पटकथा लिहिणारा कार्ल फोरमन, त्याला सप्टेंबर १९५१मध्ये, म्हणजे पिक्चर बनत असतानाच, कम्युनिस्टांना शोधणाऱ्या अमेरिकन संसदेच्या त्या कुप्रसिद्ध कमिटीपुढे उभं राहावं लागलं. (कमिटी शब्दावरून राग धरू नका, तुम्ही बिचारे वर्गणी गोळा करणारे.) आधी कम्युनिस्ट पार्टीत होता, नंतर बाहेर पडला, पण बरोबर आणखी कोण कोण होते त्यांची नावं दे म्हटल्यावर त्यानं नाही म्हणून सांगितलं. जुने भागीदार लांब गेले, काम मिळेना, शेवटी इंग्लंड गाठलं. त्याच्या मते गावातली ती दारं लावून घेणारी माणसं म्हणजे हॉलिवूडच. बरोबर. पण दिग्दर्शक झिनेमनचं म्हणणं वेगळं होतं, त्याच्यासाठी ही राजकारणाची गोष्टच नव्हती, एका माणसाच्या स्वतःच्या मनाशी चाललेल्या झगड्याची होती. पिक्चर बनवणाऱ्या दोघांचंच एकमत नाही तर तुमच्या स्लाइडला कुठून झालं?

आणि पुढची गंमत तर ऐका. १९५३च्या ऑस्कर समारंभाला कूपर हजर नव्हता, त्याच्या वतीनं बक्षीस घ्यायला स्टेजवर कोण गेलं, तर वेस्टर्नचा मोठा हिरो जॉन वेन. तिथे हसत हसत म्हणाला की आता जाऊन माझ्या मॅनेजरला, एजंटला जाब विचारतो, हा रोल मला का नाही मिळाला म्हणून. तोच वेन १९७१मध्ये एका मुलाखतीत म्हणतो, मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात अमेरिकाविरोधी गोष्ट म्हणजे हा पिक्चर, आणि फोरमनला देशाबाहेर घालवण्यात माझा हात होता याचं मला वाईट वाटत नाही. वर पुरावा काय देतो, तर शेवटी कूपर मार्शलचा बिल्ला पायाखाली घेऊन चिरडतो. तसं पिक्चरमध्ये नाहीच हो! परवा तुम्हीपण बघितलंत, तो बिल्ला काढतो, धुळीत टाकतो आणि बायकोबरोबर गाडीत बसून निघून जातो, गावाशी एक शब्द बोलत नाही. पाय वेननं स्वतःच्या डोक्यातून घातला. मला तर ही आख्ख्या वेस्टर्नच्या इतिहासातली सगळ्यात आवडती चूक आहे. माणूस पिक्चर पाहून येतो आणि घरी जाईपर्यंत त्याचा वेगळाच पिक्चर झालेला असतो, म्हणून तर लगेच तिथल्या तिथे बोलायचं असतं, चार लोकांनी "नाही नाही, पायबिय काही नव्हता" असं सांगायला पाहिजे.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सलाही हा मार्शल पटला नव्हता. त्याचं म्हणणं साधारण असं, की चांगला शेरीफ मुंडी छाटलेल्या कोंबडीसारखा गावभर मदत मागत फिरत नाही, आणि शेवटी बायको येऊन त्याला वाचवते हे काय. या रागापोटी त्यानं १९५९मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढला, त्यात तोच जॉन वेन शेरीफ. म्हणजे जो पिक्चर तुम्ही रद्द केलात तो या पिक्चरला दिलेलं उत्तर आहे! कोणीतरी वादात बोलायला उभं राहतंय आणि तुम्ही त्याचा माइक काढून घेताय, तोसुद्धा तिकडे हॉलिवूडमधला. बरं, त्यातसुद्धा मजा आहे. कूपर दारोदार मदत मागतो आणि कोणी येत नाही. वेन म्हणतो मला हौशी माणसं नकोत, तर दारुडा डीन मार्टिन, लंगडा म्हातारा, कोवळं पोरगं, हॉटेलात उतरलेली बाई, सगळे मदतीला धावतात. आणि कूपरकडे मदतीला आलेले दोघं आठवतायत का, एक डोळा गेलेला दारुडा आणि चौदा वर्षांचा मुलगा, त्यांना तो स्वतःच परत पाठवतो. हे दोन पिक्चर पाठोपाठ दाखवायचं तुमच्यातल्या ज्या कोणाच्या डोक्यात आलं त्याला माझा नमस्कार, आणि ते रद्द करायचं ज्याच्या डोक्यात आलं त्यानं कृपया थोडा विचार करावा.

एक आणखी, मग पुढे जाते. वेनला ज्यात कम्युनिस्टांचा वास आला त्याच पिक्चरमधला कूपर ४ जून १९८९च्या निवडणुकीत पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीच्या पोस्टरवर आला, कम्युनिस्ट सत्तेच्या विरोधात. हातात पिस्तुलाच्या जागी मतपत्रिका, छातीवर बिल्ल्याच्या वर सॉलिडॅरिटीचं नाव. आता सांगा, आपल्या स्लाइडवर यातलं काय लिहायचं?

आता त्या रात्रीच्या, तुम्ही म्हणता त्या "गढूळ वातावरणा"बद्दल. मला तरी गढूळ काही दिसलं नाही. उलट नऊ वर्षांत इतकी चांगली वीस मिनिटं मी आपल्या हॉलमध्ये अनुभवली नव्हती. आपले ते निवृत्त फौजदार काका, जे एरवी घोरतात, ते उठून म्हणाले की हॉक्सबिक्स कोण असेल तो असेल, एकट्यानं रेड टाकायला जाणारा फौजदार शूर नसतो, मूर्ख असतो, केननं माणसं मागितली तेच बरोबर केलं. आणि मग म्हणाले, मी तीस वर्षं नोकरी केली, पंचनाम्यावर सही करायला पंच मिळायचे नाहीत, सगळ्यांना दूध आणायला जायचं असायचं. केनचा तो मित्र सॅम फुलर घरात लपून बायकोला "घरी नाहीत" सांगायला लावतो ना, त्या सीनला मी हसलो नाही, असं म्हणून खाली बसले. हे ऐकायला मी वर्गणी भरते.

त्यावर मागून हार्डवेअरवाले शेठ उठले, की गावाचं काय चुकलं? केननं राजीनामा दिलेला, नवा मार्शल दुसऱ्या दिवशी येणार होता, मिलरचं वैर एका माणसाशी, तो माणूस गेला तर भानगड टळली, आणि मेयर सांगतो तेही खोटं नाही, उत्तरेकडचे लोक या गावात पैसा घालायला निघालेत, दुकानं, कारखाने येणार, रस्त्यावर गोळीबार झाला तर कोण येईल? लोक त्यांना ओरडले. पण मला विचाराल तर त्यांचं ऐकायला पाहिजे होतं. मेयरचं ते भाषण पिक्चरमध्ये इतकं गोड आहे की अर्धं ऐकेपर्यंत वाटतं हा केनच्या बाजूनंच बोलतोय. कौतुक करत करत तो त्याला गावाबाहेर काढतो. ते भाषण ज्याला पटतं असा एक तरी माणूस हॉलमध्ये असल्याशिवाय पिक्चरची धार कळत नाही, आणि आपल्याकडे तो माणूस उठून उभा राहिला होता, हिंमत लागते त्याला.

आणि ती कॉलेजची मुलगी, निळ्या ओढणीची. तिनं विचारलं की केनची जुनी प्रेयसी हेलन रामिरेझ आणि केन स्पॅनिशमध्ये काय बोलले, सबटायटल कोरं का होतं? कोणालाच माहीत नव्हतं. मी सांगते, ती म्हणते एक वर्ष झालं तुला पाहून, तो म्हणतो हो, माहितीये. बस. केटी जुराडो हिनं केलाय तो रोल, गोल्डन ग्लोब मिळवणारी पहिली लॅटिन अमेरिकन नटी. या गावात मला कधीच जागा नव्हती हे तिला आधीपासून ठाऊक आहे, म्हणून ती दुकान विकून सरळ गाडी पकडते. त्या मुलीचं म्हणणं होतं की आख्ख्या पिक्चरमध्ये मोठं माणूस म्हणावं असं ही एकटीच. आणि तिचा ग्रेस केलीबद्दलचा प्रश्न तर अजून माझ्या डोक्यातून जात नाही. एमी, म्हणजे केनची बायको, क्वेकर आहे, हिंसा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातली, हिंसा नको म्हणते, ती पुस्तकात वाचून नाही, तिचे वडील आणि भाऊ गोळीबारात गेलेत, आणि ते बरोबरच्या बाजूनं होते तरी गेलेत. शेवटी तिलाच पाठमोऱ्या माणसावर गोळी झाडायला लावून पिक्चर आपल्याला टाळ्या वाजवायला सांगतो. मग तिचा विश्वास चुकीचा होता का? इथे आवाज चढले. इथेच तुम्ही माइक घेतलात.

चौथी तक्रार तुमच्या फॉर्मची. एक ते पाच स्टार द्या, आणि मग तुम्ही सरासरी काढून "प्रतिसाद मध्यम" असं नोटिशीत लिहिलंत. माझ्या आजूबाजूला मी वाकून बघितलं (हो, बघितलं), कोणी पाच दिले होते, कोणी एक, फौजदार काकांनी पाचाच्या पुढे एक जास्तीचा काढला होता. मध्यम कोणालाच वाटला नव्हता. एक जण उन्हात आणि एक जण फ्रीजमध्ये उभा असला तर दोघांना बरं वाटतंय असं नसतं हो.

आता मला त्या रात्री जे बोलायचं होतं ते. माझे बाबा मिरजेला एका पतसंस्थेत कारकून होते. हा पिक्चर त्यांनी लग्नाआधी सकाळच्या इंग्रजी शोला पाहिलेला, इंग्रजी अर्धंमुर्धं कळत होतं, पण कूपर त्यांचा देव. आम्हाला लहानपणी गोष्ट सांगायचे, बाराच्या गाडीची, तोंडानं घड्याळाची टिकटिक काढून. मी सातवीत असताना त्यांच्या ऑफिसात एक खोट्या कागदांवरचं कर्ज आलं, बाबांनी सही करायला नकार दिला. पाच सहकारी म्हणाले आम्ही तुमच्याबरोबर संचालकांकडे येतो. त्या दिवशी एकाला ताप होता, एकाच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं, एक जण ऑफिसात होता पण रजिस्टरमधून मान वर काढेना. बाबा एकटे गेले. गोळीबार वगैरे काही झाला नाही, तीन वर्षं लांबच्या शाखेत बदली झाली, पहाटेच्या एसटीनं जाऊन रात्री परत, एवढंच.

पुढे मी नोकरीला लागल्यावर सीडी आणली, म्हटलं बाबा तुमचा पिक्चर. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, त्यानं परत यायला नको होतं. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं तुम्हीच तर शिकवलंत. ते म्हणाले, मी शिकवलं तेव्हा मला गावातली माणसं दिसली नव्हती, फक्त तो दिसला होता. आई आतून म्हणाली, शेवटी गाडीतून उतरून पिस्तूल तिनं चालवलं ना, मग तिला कोणी विचारलं का यायला पाहिजे होतं की नको? बाबा काही बोलले नाहीत. आईसुद्धा नंतर कधी त्यावर बोलली नाही, आणि मी अजून ठरवू शकलेले नाही की तिघांत बरोबर कोण होतं. फौजदार काकांना मला हे विचारायचं होतं, त्या मुलीला विचारायचं होतं, शेठनासुद्धा. बाबा आता नाहीत, मग कोणाशी भांडू मी? घरी टीव्हीवर एकटीनं पिक्चर बघायला मला तुमच्या क्लबची गरज नाहीये.

आणि राग येईल तर येऊ दे, पण त्या चर्चच्या सीनमध्येसुद्धा लोक पोरांना बाहेर पाठवतात, रांगेनं उठून बोलतात, बाजूनं आणि विरोधात दोन्ही. त्यातून निघतं काहीच नाही, मान्य. पण दिवे तिथेही कोणी घालवत नाही.

तर मागण्या अशा, फार नाहीत. चर्चा परत सुरू करा, माणशी तीन मिनिटं ठेवा, हवी तर शाळेसारखी घंटा वाजवा, घंटा मी आणते. ‘रिओ ब्राव्हो’ ठरल्या तारखेला दाखवा, विनोदी पिक्चर त्याच्या पुढच्या महिन्यात घ्या, त्यालाही मी येईन. मात्र ‘रिओ ब्राव्हो’ जवळजवळ अडीच तासांचा आहे, तिथे मध्यंतर खुशाल घ्या, पण दीड तासाच्या पिक्चरला नको, चहा शेवटी ठेवला तर लोक थांबतातसुद्धा. फ्रेम ताणू नका. स्लाइडवर दिग्दर्शक, साल, कलाकार एवढंच लिहा, अर्थाचं आम्ही बघतो. फॉर्मवरचे स्टार काढून चार कोऱ्या ओळी द्या. शेठना आणि त्या निळ्या ओढणीवाल्या मुलीला कमिटीतर्फे फोन करून पुढच्या वेळी नक्की या असं सांगा, कारण दोघंही त्या दिवशी तोंड पाडून गेलेत आणि दोघंही परत येणार नाहीत अशी मला भीती आहे.

उत्तराची वाट बघतेय. ग्रुपवरच द्या, पण आधी ते सेटिंग बदला, म्हणजे तुमच्या उत्तराखाली आम्हालाही काहीतरी लिहिता येईल.

तुमची,
तिसरी रांग, उजवी कड